अक्काचे साठ दिवस

जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना, नवजात बाळ दत्तकासाठी सोपवण्याचा निर्णय घेतलेल्या बऱ्याच मुली माझ्यासमोर बसून गेल्या आहेत. त्यांच्यासोबत आलेली आई, मावशी किंवा बहीण माझ्या लेखी केवळ ‘सोबतची नातेवाईक’ असे. ही समजूत एका अक्काने मोडली. ओळख पटेल असा कोणताही तपशील मी इथे दिलेला नाही.

मुलगी वीस वर्षांची आणि अविवाहित होती. अशा वेळी आम्ही वयाचा दाखला सर्वांत आधी पाहतो, कारण मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार, पोलिसांना कळवावेच लागते. लग्नाचे वचन देणारा नंतर फिरकला नव्हता, आणि तिला दिवस गेल्याचे घरी उमगले तेव्हा सातवा महिना सरत आला होता. वडील वारलेले आणि आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे सगळे थोरल्या बहिणीवर आले. तिने सासरी ‘धाकटीला कावीळ झाली आहे’ असे सांगितले, स्वतःची दोन मुले जावेच्या हवाली केली आणि बाळंतपणासाठी ती वॉर्डात येऊन राहिली.

मुलगी झाली, वजन दोन किलो चारशे ग्रॅम. तिसऱ्या दिवशी अक्का माझ्या टेबलाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, एक जोडपं तयार आहे म्हणे. दवाखान्याचा खर्च करतील, वर पन्नास हजार देतील. आपल्याच जातीतले आहेत.” वॉर्डात भेटीला आलेल्या कुणीतरी तिला हे सुचवले होते. तिच्या बोलण्यात लोभ नव्हता; बाळ कुठे जाणार हे निदान कळेल, एवढीच तिची आशा होती. असे परस्पर मूल देणे-घेणे हा बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार गुन्हा आहे, आणि पैसे घेऊन मूल दिल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो, हे मी तिला सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उद्या त्या जोडप्याने बाळाला टाकले किंवा आणखी कुणाला दिले, तर विचारायला जागाच उरणार नाही, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग कायदेशीर मार्ग कोणता, ते तिने तीनदा विचारून समजून घेतले.

पाचव्या रात्री मी उशिरापर्यंत थांबले होते. वॉर्डातून जाताना दिसले की बाळाच्या उशाशी चौघडी घातलेला कोरा कागद आणि पेन ठेवले आहे. सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाचवीला पाट्यावर कोरा कागद ठेवतात. इथे पाटा नव्हता, दिवा लावण्याची परवानगी नव्हती, म्हणून अक्काने एवढेच केले होते. मला पाहून ती संकोचली. “आमच्या घरचं लेकरू नाही राहणार ते, पण पाचवी चुकायला नको,” असे ती म्हणाली.

बाराव्या दिवशी आम्ही बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीपुढे, गेलो. मूल सोपवण्यापूर्वी ते कुटुंबातच वाढू शकेल का, याची चाचपणी करणे समितीला आवश्यक असते. हा नियम योग्यच आहे, केवळ गरिबीमुळे किंवा भीतीमुळे मूल तुटू नये यासाठी तो आहे. पण त्या दिवशी सदस्यांचा प्रश्न धाकटीकडून सरकून साहजिकच अक्काकडे आला : “तुम्ही सांभाळू शकाल का?”

अक्काने पदराचे टोक बोटाला इतके घट्ट गुंडाळले की बोटाचे पेर पांढरे पडले. नवऱ्याला तिने आधीच विचारले होते, त्याने नकार दिला होता, हे मला ठाऊक होते. तिने तिथे नवऱ्याचे नाव काढले नाही. “नाही जमणार,” एवढेच ती म्हणाली, आणि तो नकार तिने स्वतःच्या अंगावर घेतला. आमच्या नमुन्यात आईच्या समुपदेशनाची नोंद असते, सही असते. या नकारासाठी मात्र कुठेही रकाना नव्हता, आणि त्या संध्याकाळी तिची विचारपूस करण्याचे माझ्याही ध्यानात आले नाही, याची मला आजही खंत वाटते.

समर्पणपत्र, म्हणजे आमच्या बोलण्यातले ‘सरेंडर डीड’, समितीच्या महिला सदस्याने मराठीत वाचून दाखवले : साठ दिवसांत निर्णय बदलता येईल, त्यानंतर मूल परत मागता येणार नाही, ते देशात किंवा परदेशातही दत्तक जाऊ शकेल. मूल मोठेपणी आपले मूळ शोधत आले तर आपली ओळख त्याला सांगावी की नाही, हेही त्यात विचारलेले असते. तिथे धाकटीचा हात थांबला. “अक्का, काय करू?” अक्का म्हणाली, “ते तुझं तूच ठरव, बाळा. मी दोन्हीला तुझ्यासोबत आहे.” धाकटीने कोणती खूण केली ते मी लिहिणार नाही.

दत्तक संस्थेच्या समाजसेविकेने बाळ उचलले तेव्हा अक्काने पिशवीतून एक दुपटे आणि तो घडी घातलेला कागद काढला. “हे तिच्यासंगं राहील का?” समाजसेविकेने दोन्ही वस्तू घेतल्या आणि बाळाच्या फाइलमध्ये तशी नोंद केली. परतीच्या वाटेवर धाकटीच्या पोलक्याचा पुढचा भाग दुधाने भिजला. अक्काने काही न बोलता स्वतःची शाल तिच्या खांद्यांवरून पुढे ओढून घेतली. मी गाडी वळवून दोघींना प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले, कारण दूध साचून गाठी आणि ताप येण्याची भीती असते आणि घरी गेल्यावर ‘कावीळ झालेल्या’ मुलीला या त्रासाबद्दल कुणाला सांगता आले नसते.

त्यानंतर अक्काचे फोन येत राहिले, प्रत्येक वेळी बहिणीच्या तब्येतीचे निमित्त करून. एकोणचाळिसाव्या दिवशी तिने विचारले, “आता एकवीस राहिले ना?” तेव्हा मला कळले की दिवस धाकटीपेक्षा तीच मोजते आहे. मग मी तिला एकटीला बोलावून घेतले. नवऱ्याला पुन्हा विचारायचे असेल तर मी बोलेन, असे मी सुचवले. तिने नकारार्थी मान हलवली आणि पहिल्यांदाच रडली. मी तिला थांबवले नाही.

साठाव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. “झाले ना आज?” मी हो म्हणाले. त्या दुपारी मी मुद्दाम संस्थेत चौकशी करून ठेवली होती. बाळाला लस दिली आहे, ते नजर स्थिर करून हसते आणि वजन साडेचार किलो झाले आहे, असे मी तिला सांगितले.

“साडेचार,” अक्का म्हणाली. मग फोन बाजूला धरून, शेजारी बसलेल्या कुणाला तरी तिने तोच आकडा पुन्हा सांगितला.