मयताची भूमिका

आज आमच्या हौशी मंडळाने विनोदी खुनाचं नाटक केलं. ठाण्यात नौपाड्यातला हॉल, भाडं वर्गणीतून. मी प्रेत. पहिल्याच प्रवेशात चहाचा घोट घेऊन सोफ्यावर कोसळायचं आणि पुढची ४० मिनिटं पडून राहायचं. 'तुझं बरंय, पाठांतर नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा त्या सोफ्यावर झोपवायला हवं.

तालमीत डास नव्हते. मासुंदा तलाव जवळच आहे, हे आज माझ्या नाकाच्या शेंड्याला कळलं. दहा मिनिटं सोसलं, मग हात गेलाच. पहिल्या रांगेतून एक चिमुरडी ओरडली, "आई, मेलेले काका खाजवतायत!"

झालं! हॉल फुटला. इन्स्पेक्टर झालेले आमचे काका (एरवी हमखास वाक्य विसरणारे) शांतपणे म्हणाले, "हवालदार, पंचनाम्यात लिहा, मयत तपासाला सहकार्य करतोय." मला हसू दाबवेना, पोट गदागदा हलायला लागलं. शेवटी मोलकरीण झालेल्या वहिनींनी माझ्यावर चादर टाकली. खुनी कोण ते मी चादरीखालूनच ऐकलं.

नंतर सगळे गडकरी रंगायतनपाशी चहाला गेलो. १९७८ मध्ये सुरू झालेल्या या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, ते राम गणेश विनोदी लेखनासाठी 'बाळकराम' व्हायचे. मी आपला मयत झालो.

घरी येऊन मोजले. कपाळावर तीन, नाकावर एक. पुढच्या प्रयोगाला ओडोमॉस लावूनच मरणार.