पुला: बंदरातून निघून गेलेलं गाव

ट्रिएस्टहून पुलाला जाणारी बस इटलीतून निघते, स्लोव्हेनियाचा चिंचोळा पट्टा ओलांडते आणि क्रोएशियात शिरते. एड्रियाटिक समुद्राच्या माथ्याशी त्रिकोणासारखं खाली उतरलेलं हे इस्त्रिया द्वीपकल्प आज तीन देशांत वाटलेलं आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला, त्यामुळे चौकीवर फारसा खोळंबा होत नाही. पण याच जमिनीवरून विसाव्या शतकात किती रेघा ओढल्या आणि पुसल्या गेल्या, हे वाचून गेलो होतो, त्यामुळे खिडकीबाहेरची ऑलिव्हची शेतं नुसती शेतं म्हणून पाहता येत नव्हती.

पुला या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला. तिथलं रोमन रंगमंडल, ‘अरेना’, पहिल्या शतकातलं. बाहेरची भिंत पूर्ण उभी, चारही मनोरे शाबूत, आणि पांढऱ्या चुनखडीच्या कमानींतून थेट बंदर दिसतं. १५८३ मध्ये व्हेनिसच्या सिनेटमध्ये ही सगळी इमारत सुटी करून दगड-दगड व्हेनिसला न्यायचा विचार झाला होता. गाब्रिएले एमो या सदस्याने विरोध केला म्हणून ती वाचली. एका मनोऱ्यावर त्याच्या नावाची शिळा आहे. मी ती मुद्दाम शोधून पाहिली. राज्यकर्त्यांच्या यादीत या माणसाचं नाव कुठेच नाही, पण पुलावर त्याच्याएवढे उपकार फार थोड्यांचे असतील.

राज्यकर्त्यांची यादी मात्र लांबलचक आहे. १३३१ पासून व्हेनिस. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं, मग ऑस्ट्रिया, मधे काही वर्षं फ्रेंच, पुन्हा ऑस्ट्रिया. मलेरियाने आणि प्लेगने ओस पडलेल्या या गावाला ऑस्ट्रियाने आपल्या आरमाराचं मुख्य ठाणं केलं. १८५६ मध्ये गोदीची पायाभरणी झाली, तिच्या क्रेन आजही अरेनावरून दिसतात. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या रापालोच्या तहाने, इस्त्रिया इटलीला मिळालं.

इथून पुढचं सांगताना दोन्ही बाजू सांगितल्याच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. फॅसिस्ट राजवटीत क्रोएशियन आणि स्लोव्हेन भाषेच्या शाळा बंद पडत गेल्या. १९२७ पासून इथल्या लोकांची आडनावं इटालियन वळणाची करण्याचा सरकारी सपाटा सुरू झाला. बापाचं आडनाव एक आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरंच, असं होऊ लागलं. हा राग मुरत गेला. १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली तेव्हा आणि पुन्हा १९४५ मध्ये सूड उगवला गेला. कित्येकांना मारून ‘फोइबे’ म्हणतात त्या चुनखडीतल्या खोल विवरांत टाकलं गेलं. त्यात फॅसिस्ट होते, तसे काहीही न केलेलेही होते.

पुलाच्या कॅथेड्रलशेजारच्या बागेत एक साधासा स्मृतिदगड आहे. १८ ऑगस्ट १९४६ ला व्हेरगारोला किनाऱ्यावर पोहण्याच्या शर्यती चालू असताना तिथे रचून ठेवलेल्या सुरुंगांचा स्फोट झाला. साठाहून अधिक माणसं गेली, त्यात बरीच मुलं. तो कुणी घडवला यावर वाद अजून मिटलेला नाही. डॉक्टर मिकेलेत्ती यांची दोन्ही मुलं त्यात गेली, आणि ते कळल्यावरही ते इस्पितळात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. त्या दगडापाशी मी बराच वेळ होतो. पर्यटकांचे घोळके शेजारून बंदराकडे जात होते, थांबत कुणी नव्हतं.

तेव्हा पुला दोस्तराष्ट्रांच्या लष्करी कारभाराखाली होतं, पण चहूबाजूंनी युगोस्लाव्ह सैन्य. आजचे क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया तेव्हा युगोस्लाव्हिया या एकाच देशात होते. १० फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये तह झाला आणि गाव युगोस्लाव्हियाला देण्याचं ठरलं. त्याच हिवाळ्यात ‘तोस्काना’ नावाची बोट इटलीतल्या व्हेनिस आणि अँकोनाच्या फेऱ्या मारू लागली. तीसएक हजार वस्तीतले सुमारे अठ्ठावीस हजार लोक, बहुतेक इटालियन, गाव सोडून गेले. बर्फ पडत होतं आणि खोकी ठोकायला खिळे मिळत नव्हते. काहींनी आपली मृत माणसंही बरोबर नेली. नाझारिओ साउरो हा ऑस्ट्रियाच्या प्रजेतला, पण इटलीच्या आरमारातून लढला म्हणून १९१६ मध्ये ऑस्ट्रियाने त्याला याच पुलात फाशी दिलं होतं. त्याची शवपेटीही ‘तोस्काना’वर चढली.

१९४७ म्हटलं की आपल्याला कल्याणच्या छावण्यांत उतरलेले सिंधी लोक आठवतात. त्याच वर्षी हे इथे चाललं होतं.

मी राहिलो त्या घराच्या मालकीणबाईंचे वडील बोस्नियातून गोदीत कामाला आलेले. रिकाम्या गावात अशीच दूरदूरची माणसं येऊन वसली. त्यांनी कुणाला हाकललं नव्हतं. काम होतं, घर होतं, म्हणून ती आली. मालकीणबाई हे सांगताना जरा सावध होत्या, आणि ते मला समजलं. आज रस्त्यांच्या पाट्या क्रोएशियन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांत आहेत, पण इस्त्रिया परगण्यात इटालियन म्हणवणारे पाचेक टक्केच उरलेत.

परतताना ट्रिएस्टच्या जुन्या बंदरात निर्वासितांचं न नेलेलं सामान पाहिलं. खुर्च्यांवर खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या, कपाटं, पलंगांच्या फळ्या, शिवणयंत्रं, फोटो. एका कपाटावर रंगाने मालकाचं आडनाव आणि क्रमांक लिहिला होता. छावणीतल्या एका खोलीत मावणार नाही म्हणून ते इथे ठेवलं गेलं, आणि घ्यायला कुणी आलं नाही. पुला पाहायला जाणाऱ्यांनी हे सामान आधी पाहून मग बस पकडावी. तिथे मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, त्यामुळे वेळ आधी ठरवून घ्या.