निवाऱ्यात अख्खं कुटुंब मावलं पाहिजे

बऱ्याच दिवसांपासून मी आपल्या गावातल्या एका बेघर निवारा केंद्रात जमेल तशी जातेय, मुख्यतः कागदपत्रांच्या कामाला, आणि एक गोष्ट डोक्यातनं जातच नाहीये म्हणून आज लिहायला बसलेय. कोल्हापुरात उघड्यावर झोपणारी माणसं म्हटलं की आपल्याला सीबीएसच्या (मध्यवर्ती बस स्थानक) कट्ट्यावरचे आजोबा आठवतात, नाहीतर महाद्वार रोडला बसलेलं कुणीतरी एकटंदुकटं. पण अख्खी कुटुंबं पण आहेत ओ. नवरा-बायको, दोन-तीन पोरं, कधी सोबत म्हातारी सासू. ती आपल्या नजरेस पडत नाहीत कारण दिवसा बाप बिगारी नाक्यावर असतो, आई भंगार गोळा करायला नाहीतर धुण्याभांड्याला, आणि रात्री बंद दुकानाच्या पायरीवर नाहीतर अर्धवट बांधकामात झोपून दुकानदार यायच्या आत अंथरूण गुंडाळून सगळे निघालेले असतात.

ही वेळ येते कशी ते ऐकलं की कळतं की यात आळशीपणाबिळशीपणाचा काही संबंध नाही. वीटभट्टीवर राहायचं खोपटं कामासोबतच मिळतं, पावसाळा लागला की भट्टी बंद आणि खोपटं पण गेलं. ऊसतोडीला आलेली जोडी, मुकादमाची उचल फिटली नाही, गावाकडं परत जायचं तोंड नाही. कुणी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याला, पेशंट घेऊन लांबनं आलेलं असतं, उपचारात होतं नव्हतं ते संपतं. आणि सगळ्यात जास्त मी ऐकलेलं म्हणजे दोन-तीन महिन्यांचं भाडं थकलं, मालकानं सामान बाहेर काढलं. एवढंच. एक आजारपण, एक पळालेला स्लॅबचा कंत्राटदार, आणि चार जणांचं घर रस्त्यावर.

आता मुद्द्याचं. ही कुटुंबं निवाऱ्यात का येत नाहीत? मी एका दादाला विचारलं होतं, शाहूपुरीकडं फुटपाथवर होते, बायको आणि तीन लेकरं. ते म्हणाले, "ताई, हिला आन् पोरींना एकीकडं न्हेणार, मला आन् पोराला दुसरीकडं. रातीला पोरगी रडाय लागली तर मी कुठं जाऊ? त्यापेक्षा हितंच बरं हाय, समदी एका जागी हाय."

मला यावर काही बोलताच आलं नाही, कारण बहुतेक निवारे खरंच असेच असतात, बायकांचा हॉल आणि पुरुषांचा हॉल. खरं तर २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं त्याच्या नियमांत कुटुंबांसाठी वेगळे निवारे असावेत असं लिहिलेलंच होतं (ते अभियान २०२४ ला संपलं). एक लाख लोकसंख्येमागं १०० जणांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, हे सगळं कागदावर होतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं, म्हणजे त्या हिशोबानं ५०० जणांहून जास्त लोकांची सोय पाहिजे, आणि त्यात कुटुंबांना खोल्या पाहिजेत.

आणि हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. २०१९ ला पंचगंगा चढली तेव्हा काय केलं आपण? २०२१ ला परत? शाळा उघडल्या, मंगल कार्यालयं उघडली, एकेका वर्गात दोन-तीन कुटुंबं, मध्ये साड्यांचे पडदे, पण नवरा-बायको-पोरं एकत्र. कुणी म्हटलं नाही की बाप्यांनी दुसऱ्या शाळेत जावा. पुरात घर गेलेल्या कुटुंबाला आपण जसं वागवलं तसंच भाडं थकून घर गेलेल्या कुटुंबाला वागवायचं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी जाते त्या केंद्रात आता एका हॉलला प्लायवूडची पार्टिशनं घालून छोट्या खोल्या केल्यात, आतनं कडी लागते. त्या कडीचं महत्त्व बायकांना विचारा. एक आई मला म्हणाली की किती महिन्यांनी ती गाढ झोपली, नाहीतर एक डोळा कायम पोरीवर.

पण झोपायची जागा ही सुरुवात आहे. दुसऱ्याच दिवशी कागद सुरू होतात. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून बँक खातं नाही, रेशनला पण तेच. इथं निवाऱ्याचा खरा उपयोग होतो कारण मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचं सर्टिफिकेट आधारसाठी चालतं. मतदार यादीचं तर मला आधी माहीतच नव्हतं, बेघर माणसाकडं पत्त्याचा पुरावा नसला तरी बीएलओनं (मतदार यादीचं काम बघणारा स्थानिक कर्मचारी) एकापेक्षा जास्त रात्री जाऊन तो माणूस तिथं झोपतो हे बघितलं की नाव लागू शकतं. आणि पोरांना शाळेत घालताना कुणी जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवत असेल तर सरळ २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगायचा, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली ती खेड्यातनं आलेल्या पोरांना गावात राहायला जागा नव्हती म्हणूनच ना. त्या गावात पोरगं पुलाखाली झोपतंय आणि शाळेत जात नाहीये हे मला बघवत नाही.

आणि मग शेवटी गाडी अडते ती डिपॉझिटपाशी. दोघं कमवते झाले की महिन्याचं भाडं निघतं, खरंच निघतं, पण एकरकमी दहा-पंधरा हजार कुठनं आणायचे? त्यात मालक विचारणार ओळखीचं कोण, गाव कुठलं, जात कुठली. म्हणून केंद्रातल्या लोकांनी चार देणगीदार धरून डिपॉझिटपुरते पैसे बाजूला ठेवलेत, ते थेट घरमालकाच्या हातात देतात, कुटुंब सवडीनं परत करतं आणि तोच पैसा पुढच्या कुटुंबाला. खोली मिळाल्यावरही कार्यकर्ती महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येते, भाडं थकायला लागलंय का, पोरं शाळेत जातायत का. सगळीच टिकतात असं नाही. एक कुटुंब न सांगता निघून गेलं, दारू होती घरात, ते आम्हाला सगळ्यांना फार लागलं. पण जी टिकली ती परत रस्त्यावर आलेली मी तरी बघितली नाहीत.

तर वाचणाऱ्यांना विनंती. जुने कपडे खूप येतात, आता नकोत. खोली लागताना लागतो तो कुकर, गॅसची शेगडी, दोन गाद्या, बादली. उचगाव, कसबा बावडा, फुलेवाडीकडं तुमची एखादी खोली रिकामी असेल तर कमी डिपॉझिटवर द्यायचा विचार करा, भाड्याच्या बाबतीत केंद्राची माणसं तुमच्याशी बोलतील. आणि रात्री लेकरं घेऊन उघड्यावर झोपलेलं कुटुंब दिसलं तर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. जवळ जाऊन बोला, लेकरू आजारी किंवा एकटं असेल तर १०९८ ला फोन करा, आणि निवाऱ्याचं सांगताना आधी हे सांगा की तिथं सगळ्यांना एकत्र राहता येतं, कारण पहिला प्रश्न तोच येणार आहे.