स्कॉटलंडमधला आमचा एक दिवस अन् जुनापाणीचे दगड

आम्ही निघालो त्या दिवशी नागपुरात पारा 45 ला टेकला होता, कूलरला नवीन खस लावली होती तरी गरमच वारा येऊन राहिला होता, आणि इन्व्हर्नेसला उतरलो तर 11 डिग्री. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ही ट्रिप, दहा दिवसांची, पण मी इथे एकाच दिवसाबद्दल लिहिते कारण तो दिवस अजून डोक्यातून गेला नाही.

सकाळी जिथे उतरलो होतो तिथल्या बाईंनी ओट्सची पेज दिली, त्यात साखर नाही, मीठ! तिकडची जुनी पद्धत तीच. मला तर तांदळाच्या पेजेची आठवण झाली, वरून तूप असतं तर झालंच काम. ह्यांनी गाडी भाड्याने घेतली होती, तिकडे पण आपल्यासारखंच डावीकडून चालवतात त्यामुळे टेन्शन नव्हतं, फक्त गावाकडचे रस्ते इतके अरुंद की समोरून गाडी आली की एकाला बाजूच्या खाचेत थांबावं लागते, आणि मग दोघंही हात वर करून थँक्यू म्हणतात. मला ते फार आवडलं.

आधी कलोडनचं मैदान पाहिलं. 16 एप्रिल 1746 ला इथे एका तासाच्या आत लढाई संपली आणि जॅकोबाइट बाजूची, म्हणजे गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्यासाठी सरकारी सैन्याशी लढणाऱ्यांची, दीड हजाराच्या आसपास माणसं गेली. सपाट माळ, एका सैन्याच्या जागी निळे झेंडे अन् दुसऱ्याच्या जागी लाल, दोन्हींमधलं अंतर आपण चालत जाऊन मोजू शकतो. मधे मधे दगड रोवलेत, त्यावर घराण्यांची नावं, कोणीतरी एका दगडाशी ताजी फुलं ठेवली होती. पावणेतीनशे वर्षांनी पण! बारीक पाणी येऊन राहिलं होतं, आम्ही दोघं काही न बोलता फिरलो.

तिथून क्लाव्हा अगदी जवळ. मला खरं सांगायचं ते या जागेबद्दलच. मोठ्या मोठ्या झाडांखाली दगडांचे तीन गोल ढीग, साधारण चार हजार वर्षं जुन्या समाध्या, आणि प्रत्येकाभोवती उभ्या दगडांचं रिंगण. दोन ढिगांत आत जायला बोळ ठेवलाय, त्याचं तोंड अशा बेताने की डिसेंबरमधल्या सर्वात लहान दिवशी मावळतीचा उजेड सरळ आत शिरतो. तिकीट नाही. मी आत वाकून गेले, वर आभाळ उघडं, दगड ओले, शेवाळलेले. एका दगडावर बोटांना वाटीसारखे खळगे लागले, एक, दोन, मग खूप सारे. कोणीतरी बसून, दगडाने दगड ठोकून केलेले.

मी ह्यांना हाक मारली, "अहो, हे बघा ना, किती खळगे आहेत." ते म्हणाले, "अगं, जुनापाणीला आहेत ना असेच."

जुनापाणी म्हणजे आपल्या काटोल रोडवरचं. तिथे शेकडो शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली, काळ्या दगडांची, आणि त्यातल्या काही दगडांवर हुबेहूब असेच खळगे. मी हिस्लॉप कॉलेजची, आणि मला हे माहीत नव्हतं. ह्यांनी तिथेच उभं राहून सांगितलं की ज्यांच्या नावाने आमचं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचेच, 1845 ला नागपुरात आले, मिशनरी होते पण आपल्या भागातले दगड, जीवाश्म, गोंडांची भाषा सगळं जीव लावून टिपून ठेवलं, आणि 1863 मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची अशीच शिळावर्तुळं पाहून परत येताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. तीन वर्षं त्या कॉलेजच्या पायऱ्या चढले मी. कसंतरीच झालं मला. जुनापाणी घरून अर्ध्या तासावर, आणि मी हे खळगे पहिल्यांदा हाताळले ते इतक्या हजार किलोमीटरवर.

दुपारी टोमॅटिन गावची व्हिस्कीची डिस्टिलरी, 1897 ची. बार्ली भिजवून मोड आणतात, वाळवतात, दळतात, गरम पाण्यात गोडवा काढून घेतात, मग यीस्ट टाकून मोठ्या मोठ्या पिंपांत आंबवतात. एका पिंपाचं झाकण उघडून वास घ्यायला सांगितलं, नाकात असा सणका गेला की डोळ्यांत पाणीच, पण त्याच्या मागून जो आंबूस गोड वास आला ना, तो मला थेट आजोळी घेऊन गेला. माझं आजोळ देवरीकडचं, एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला सगळं गाव रानात, आणि नंतर कुठल्यातरी घरामागून हाच वास. तिकडे मातीचं मडकं, इथे माणसाच्या तिप्पट उंच तांब्याची भांडी, काम एकच, वाफ वर न्यायची अन् थंड करून परत धरायची. फरक पुढचा. भांड्यातून निघालेली दारू पाण्यासारखी पांढरी असते, ती ओकच्या पिंपात कमीत कमी तीन वर्षं ठेवल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही, रंग येतो तो लाकडाचा. दरवर्षी पिंपातून दोनेक टक्के उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे पण मोहाची पहिली धार देवाला सांडतात, आजोबा सांडायचे, मी पाहिलंय.

तीन ग्लास समोर आले. मी आयुष्यात फार तर दोनदा चाखली असेल. थोडंसं पाणी टाकून बघा म्हणाले, टाकलं तर खरंच वास मोकळा झाला, एकात मध, एकात मनुका, तिसऱ्यात जुन्या लाकडी कपाटासारखं काहीतरी. मनुकावाली मला मनापासून आवडली. ह्यांना गाडी चालवायची होती आणि तिकडे कायदा फार कडक, 2014 पासून मर्यादा अजून खाली आणलीय, म्हणून त्यांच्या वाट्याची छोट्या छोट्या बाटल्यांत भरून दिली. किती चांगली पद्धत आहे ही.

संध्याकाळी लॉक नेस हे मोठं सरोवर फक्त काठावरून पाहिलं, काळंशार पाणी, 230 मीटर खोल.

जेवायला इन्व्हर्नेसला नदीकाठी. कलन स्किंक म्हणजे धुरावलेल्या हॅडॉक मासळीचं, बटाटा अन् दुधातलं सूप, दुधात मासा म्हटल्यावर मी कचरत होते पण दोन घासांत वाटी रिकामी. आणि हॅगिस. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस बारीक करून त्यात ओट्स, कांदा, चरबी, भरपूर मिरी. नावं ठेवतात लोक, पण ज्याने सावजीकडे वजडी, खूर खाल्लंय त्याला यात अवघड काहीच नाही, मिरीची ती गरम चव घशात उतरली आणि दिवसभराचा गारठा गेला. ह्यांचं शाकाहारी हॅगिस, डाळी-ओट्सचं, ते पण छान होतं, सोबत बटाटा अन् पिवळ्या सलगमचा लगदा. रात्रीचे साडेनऊ, बाहेर लख्ख उजेड. ह्यांनी मधेच विचारलं, "घरी गेल्यावर पहिल्या रविवारी जायचं?" कुठे ते विचारायची गरजच पडली नाही.

गेलो. पहाटे साडेपाचला निघालो, उन्हाच्या आत. काळे दगड, वाळलेलं गवत, एकही माणूस नाही. खळगे काही सापडेनात, वाकून वाकून कंबर धरली. बकऱ्या घेऊन एक बाबा आले, म्हणाले, "काय हरपलं का वो बाई?" मी सांगितलं, वाटीसारख्या खुणा शोधून राहिलो. त्यांनी काठीने एका दगडावरचं गवत बाजूला केलं, "हे काय."

ओळीत होते. मी हात ठेवला. सकाळचे सात पण नव्हते वाजले, आणि दगड तापायला लागला होता.