कडोलीच्या शिवारात लेसरची भांगलण बघून आलो, जाणाऱ्यांसाठी थोडं

निपाणीहून काकूला घेऊन गेलेलो. इंजिनिअरिंगच्या पोरांनी गाजराच्या वावरात लेसरनं तण जाळायची ट्रायल ठेवलीय म्हटल्यावर ती म्हणाली मी येणारच, माझ्या पोटावर कोण पाय देतंय ते बघू दे. बेळगावात सीबीटीवरनं (मोठ्या बस स्टँडवरनं) कडोलीची बस मिळते. बायकांनी आधार कार्ड जवळ ठेवा, कर्नाटकातला पत्ता असेल तर साध्या बसला तिकीट नाही (शक्ती योजना, २०२३ पासनं), चंदगड-कागलकडनं येणाऱ्या बायकांना मात्र पैसे पडतात.

मशीन म्हणजे चार चाकांचा गाडा, खाली कॅमेरा, बॅटरी आणि निळ्या उजेडाचा डायोड लेसर. कॅमेरा तण ओळखतो, मग लेसर बरोबर शेंड्यावर, म्हणजे जिथनं नवीन पान फुटतं तिथं थांबतो, आतलं पाणी उकळतं आणि पेशी फुटतात. घोळीचं दोन पानाचं रोप माझ्या डोळ्यासमोर चर्र झालं, बारीक धूर, आणि बोटभर अंतरावरचं गाजर जसंच्या तसं. माती हलत नाही हे मला जास्त आवडलं, कारण खुरपं चाललं की खालचं बी वर येतं आणि परत उगवतं. गाजर उगवायलाच दहा-पंधरा दिवस घेतं, तोवर तण पुढं गेलेलं असतं, त्यामुळं असल्या पिकाला हे खरंच उपयोगी आहे. गाजर गवत दिसलं तिथं मात्र मशीन अडखळलं, खात्री नसेल तर सोडून द्यायचं असं सेटिंग होतं म्हणे, ते बरंय.

मग काकूनं लव्हाळा दाखवला, जमिनीतल्या गाठीतनं परत परत फुटणारं तण. लेसरनं पातं करपलं, पोरं खूश. काकूनं पिशवीतनं खुरपं काढलं (हो, घेऊन आलेली), खाली घातलं आणि काळी गाठ उपटून पोराच्या हातावर ठेवली. "बाळा, हे मेलंय काय? आठ दिवसानं ये म्हणावं बघायला." पोरगं प्रामाणिक होतं, म्हणालं काकू, लव्हाळा न् हरळी याच्यात बसत नाही, परत परत मारायला लागतंय. त्यामुळं जाल तेव्हा ताजं जाळलेलं बघून भुलू नका, आधी जाळलेला वाफा दाखवा म्हणा.

डोळ्याचं सांगतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. साधा गॉगल चालत नाही, त्या लेसरच्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा लागतो, तो तिथं देतात, पण नग कमी, तुमची पाळी येईपर्यंत लांब थांबा आणि बारकी पोरं नेऊच नका. पाऊस पडून दोन-तीन दिवस झाल्यावर गेलात तर तण कोवळं मिळतं, मोठं झालेलं जाळायला वेळ न् करंट दोन्ही जास्त लागतं.

अमेरिकेत सिएटलच्या कार्बन रोबोटिक्सनं २०२२ साली जे मशीन काढलं त्याला दीडशे वॅटचे ३० कार्बन डायऑक्साइड लेसर आहेत, रुंदी २० फूट, ट्रॅक्टरला जोडून ओढायचं, किंमत आपल्या रुपयात कोटींत. आपल्या वीस गुंठ्याच्या तुकड्यात ते वळणार पण नाही, म्हणून बारका गाडाच बघण्यासारखा, तोही गावात एक घेऊन भाड्यानं फिरवला तर परवडेल असं माझं मत. तुम्ही पण पोरांना एका चार्जिंगला किती गुंठे होतात ते विचारा, आम्हाला गोल गोल उत्तर मिळालं.

आणि ऊसवाल्यांनी फार आशा धरू नका. सरीत वाळलेलं पाचट पसरलेलं असताना लेसर मारायचा म्हणजे फड पेटवायचं काम, पोरांनीच सांगितलं की वाळलेला पाला असेल तिथं आम्ही मशीन घालतच नाही. गाजर, कांदा, कोथिंबीर करणाऱ्यांनी जावं, सकाळी लवकर, डबा घेऊन, शिवारात चहासुद्धा मिळत नाही.