दहा वर्षांनी कळेल

गुरुवार, रात्री उशिरा

आमचा व्हेंचर कॅपिटलचा फंड, म्हणजे दुसऱ्यांचे पैसे नव्या कंपन्यांत घालून हिस्सा घ्यायचा धंदा. तिमाही संपली की आमच्याकडे व्हॅल्युएशनचं काम निघतं. फंडातल्या प्रत्येक कंपनीची आजची किंमत ठरवायची आणि ज्यांचे पैसे आम्ही सांभाळतो त्यांना कळवायची. या वेळी आमच्या एका कंपनीने नव्या गुंतवणूकदाराकडून चढ्या भावाने पैसे उभे केले, त्यामुळे आमचा हिस्सा कागदावर एकदम तिप्पट झाला. सकाळपासून अभिनंदनाचे मेसेज येताहेत. हातात मात्र एक दमडी आलेली नाही. आम्ही शेअर विकलेले नाहीत आणि विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक शोधत फिरावं लागेल. कुणीतरी एका बैठकीत एक भाव कबूल केला, घडलंय ते एवढंच.

या धंद्यात त्यासाठी दोन वेगळी मापं आहेत. टीव्हीपीआयमध्ये परत केलेले पैसे आणि कागदावरची किंमत दोन्ही धरतात. डीपीआयमध्ये फक्त परत केलेले पैसे. पहिला आकडा प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या टायपात असतो, दुसरा विचारावा लागतो. मी हल्ली दुसऱ्या फंडांचे कागद हातात आले की आधी डीपीआय शोधते, आणि तो सापडत नसेल तर पुढचं जरा सावकाश वाचते.

दुपारी आमच्या नव्या सहकारीने विचारलं, "पण मग आपल्याला हे काम जमतंय की नाही, ते कळतं कधी?" ती प्रोग्रॅमिंग सोडून इकडे आली आहे. तिकडे लिहिलेला कोड चालतो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळायचं. मी म्हटलं, दहा वर्षांनी. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. फंडाचं आयुष्यच साधारण दहा वर्षांचं असतं, वर एक-दोन वर्षांची मुदतवाढ. पहिली काही वर्षं कंपन्या निवडण्यात जातात. बुडणाऱ्या कंपन्या लवकर बुडतात, तरणाऱ्यांना वेळ लागतो आणि दरम्यान फी वजा होत राहते. म्हणून फंडाचा परतावा आधी शून्याच्या खाली जातो आणि मग, वर आलाच, तर वर येतो. याला जे-कर्व्ह म्हणतात. फी बहुतेक ठिकाणी वर्षाला 2 टक्के, आणि नफ्यातला 20 टक्के वाटा, ज्याला कॅरी म्हणतात, तो साधारणपणे गुंतवणूकदारांचं मुद्दल फिटल्यावर. म्हणजे वर्षानुवर्षं पगार नीट येतो, कॉन्फरन्समध्ये स्टेजवर बोलावतात, आणि शेवटी कॅरीच्या नावाने शून्य असंही होऊ शकतं. होतंही.

तिला मी डोरिओंची गोष्ट सांगितली. आधुनिक व्हेंचर कॅपिटलची सुरुवात जिथून धरतात ती अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही कंपनी 1946 साली निघाली, जॉर्ज डोरिओ तिचे अध्यक्ष. 1957 साली त्यांनी डिजिटल इक्विपमेंट नावाच्या नव्या कॉम्प्युटर कंपनीत 70,000 डॉलर घातले. ती शेअर बाजारात आली 1966 मध्ये आणि त्या 70,000 चे पुढे कोट्यवधी डॉलर झाले. संस्थेच्या एकूण कमाईत सिंहाचा वाटा या एकट्या कंपनीचा. आता 1956 साली कुणी डोरिओंना मार्क द्यायला बसलं असतं तर काय दिलं असतं? दहा वर्षं काम करून झालं होतं आणि ज्या गुंतवणुकीमुळे आज त्यांचं नाव घेतात ती अजून व्हायची होती.

यातली उलटी बाजू 2021 मध्ये पाहिली. पैसा स्वस्त होता, गुंतवणुकीचा एकेक राउंड आठवड्याभरात मिटत होता, आणि त्या सुमारास या क्षेत्रात आलेल्यांचे कागदावरचे आकडे असे काही फुगले की सगळेच जाणकार दिसायला लागले. 2022 मध्ये व्याजदर चढले आणि ते जाणकारही जमिनीवर आले. तेव्हा कुणाचं कौशल्य होतं आणि कुणाचं नशीब, हे त्या वेळी आकड्यांवरून सांगता येत नव्हतं. खरं तर अजूनही नाही येत.

बाकी दिवस नकार लिहिण्यात गेला. बाहेरच्यांना वाटतं आम्ही चेक लिहितो. आम्ही मुख्यतः नकार लिहितो. "तुमचं काम आवडलं, पण आमच्यासाठी सध्या थोडं लवकर आहे" हे ठरलेलं वाक्य, आणि मला ते अजिबात आवडत नाही. फाउंडर बिचारा सहा महिन्यांनी परत येतो. कारण असतं वेगळंच: बाजारपेठ लहान वाटते, किंवा दोघा भागीदारांचं आपसात जमेल असं वाटत नाही. पहिलं कारण मी लिहून टाकते. दुसरं लिहिणं मलाही जड जातं, ते फोनवर सांगते.

बेसेमर व्हेंचर पार्टनर्स या अमेरिकन व्हेंचर कॅपिटल संस्थेने आपल्या हुकलेल्या कंपन्यांची यादी स्वतःच छापून ठेवली आहे. ॲपल, गूगल, फेसबुक, एअरबीएनबी, सगळी बडी नावं त्यात आहेत. दिलदारपणा आहेच, पण अशी यादी मिरवायला आधी बाकीचं भरपूर कमवलेलं असावं लागतं, हेही आहे. आणि त्यात फक्त चुकलेले नकार येतात. जे नकार बरोबर होते, त्या कंपन्या गुपचूप बंद पडल्या, त्यांची यादी कोण ठेवतो?

संध्याकाळी एका फाउंडरचा फोन. दुसऱ्या फंडाकडून टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आली होती: 2 कोटी डॉलर घालणार, ते धरून कंपनीची किंमत 10 कोटी. स्वारी हवेत. मी त्याला लिक्विडेशन प्रेफरन्सचं, म्हणजे कंपनी विकली की आधी कुणाचे पैसे फिटतात त्याचं कलम वाचायला लावलं. समजा दोन वर्षांनी कंपनी 3 कोटींनाच विकावी लागली. तुला वाटतंय त्यांचा हिस्सा 20 टक्के, म्हणजे ते 60 लाख नेतील. ते आधी आपले 2 कोटी उचलतील. उरलेल्या एका कोटीत तू, तुझा भागीदार, कर्मचारी आणि आमच्यासारखे आधीचे गुंतवणूकदार. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "पण हे सगळेच घालतात ना?" घालतात. एकपट प्रेफरन्स नेहमीचाच आहे, त्यात काही काळंबेरं नाही. फक्त 10 कोटींचा आनंद साजरा करताना हे माहीत असावं.

सहकारीला मी शेवटी एक काम दिलं. प्रत्येक निर्णयाचा मेमो तारीख घालून लिहायचा, होकार असो वा नकार, आणि हे कशामुळे चुकू शकतं ते त्यातच नोंदवायचं. निकाल दहा वर्षांनी लागेल, पण विचार नीट केला होता की नाही हे मेमो उघडून पुढच्या वर्षीही तपासता येतं. तिने रात्रीच पहिला पाठवला. बरा आहे. फक्त ग्राहक सोडून जाण्याचं प्रमाण 3 टक्के लिहिलंय आणि महिन्याचं की वर्षाचं ते नाही. वर्षाचं असेल तर कंपनी उत्तम. महिन्याचं असेल तर वर्षाअखेर सुमारे 30 टक्के ग्राहक गेलेले असतात, आणि मग पुढची चार पानं नव्याने लिहावी लागतील. सकाळी आधी तेच विचारते.