चार गोळ्या

कोल्हापुरात मार्केट यार्डाजवळ माझं औषधाचं दुकान आहे. गुळाचे सौदे आटोपले की हमाल येतात. "दादा, बीपीच्या चार द्या." मी अम्लोडिपिनच्या पट्टीला कात्री लावतो. चार दिवसांच्या चार. पाचव्या दिवशी काम लागलं नाही, तर गोळीही नाही. राजारामपुरीतले एक निवृत्त प्राध्यापक तीच गोळी तीन महिन्यांची एकदम नेतात.

हार्टचा आजार पैसेवाल्यांचा, असं आमच्याकडं अजून म्हणतात. मला ते ऐकवत नाही. देशात १९९० साली शंभर मृत्यूंमागं १५ हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे होते, २०१६ साली २८. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं सत्तरीच्या आतली. रुग्णांचं प्रमाण केरळ, पंजाब, तमिळनाडूत सगळ्यांत जास्त. पण रुग्ण कुठं जास्त आणि मरतं कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १७ देशांतल्या दीड लाखावर लोकांचा 'प्युअर' अभ्यास २०१४ साली आला. त्यात श्रीमंत देशांत धोक्याची कारणं जास्त दिसली, तरी झटके आणि मरणं गरीब देशांत जास्त. हे वाचलं तेव्हा मला माझी कात्रीच आठवली.

आणि मामी आठवली. गगनबावड्याकडं राहायची. चाळीस वर्षं मशेरी, म्हणजे भाजलेली तंबाखू, दातांना लावली, बीपी एकदाही मोजलं नाही. भात काढताना हातातला विळा गळला, तोंड वाकडं झालं. घरच्यांनी "वारं गेलं" म्हणून तेल चोळलं, खोलीची दारं लावून घेतली. कोल्हापुरात आणलं ते दुसऱ्या दिवशी अकराला. तो मेंदूचा झटका होता. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मामी तीन वर्षं अंथरुणावर होती. डाव्या हातानं पदर सावरायची.

तेव्हापासून काउंटरवर बीपीचं मशीन ठेवलंय. पैसे घेत नाही.

परवा एका हमालकाकांचं वरचं बीपी १७४ आलं. "डोकं दुखत नाही, काय होत नाही, मग रोज गोळी कशाला?" मी मामीचं सगळं सांगितलं. ते बाही खाली करत गप्प बसले. मग विचारलं, "आमची मालकीण पण मशेरी लावती. उद्या आणू काय तिला?"

सकाळी आठला या म्हटलं, चहा घ्यायच्या आधी.